क्लिअरफिल एसई बाँड: दोन बाटल्यांचं बाँडिंग कुठे पकडतं आणि कुठे सुटतं

क्लिअरफिल एसई बाँड हे दोन बाटल्यांचं सेल्फ-एच बाँडिंग, म्हणजे वेगळं ॲसिड न लावता स्वतःच दाताचा पृष्ठभाग खरखरीत करून फिलिंग दाताला चिकटवणारं द्रव्य, १९९९ पासून वापरात आहे. नंतर सगळं काही एकाच बाटलीत देणारी युनिव्हर्सल बाँडिंग्ज आली, तरी नवं बाँडिंग प्रयोगशाळेत तपासायचं असलं की तुलनेसाठी अजूनही बऱ्याचदा हीच जोडी समोर ठेवली जाते. हा मान तिने कमावलेला आहे. डेंटिनवर, म्हणजे दाताच्या आतल्या थरावर, हे बाँडिंग फार भरवशाचं आहे, पण इनॅमलवर, म्हणजे बाहेरच्या कठीण आवरणावर, ते एकट्याच्या जोरावर कमी पडतं. दोन्हीकडे निकाल दोन गोष्टींवर ठरतो: प्रायमर लागण्याआधी दाताचा पृष्ठभाग कसा होता, आणि बाँड लागण्याआधी प्रायमरमधलं पाणी किती उडालं.

पहिल्या बाटलीत ६ मिली प्रायमर असतो. त्यात १०-एमडीपी नावाचा आम्लधर्मी मोनोमर (एकमेकांना जोडून रेझिन बनवणारा रेणू), हेमा हा आणखी एक मोनोमर, पाण्यात मिसळणारं डायमेथाक्रिलेट आणि पाणी असतं. दुसऱ्या बाटलीतल्या ५ मिली बाँडमध्येही एमडीपी आणि हेमा आहेतच, शिवाय बिस-जीएमए, पाण्यापासून दूर राहणारं डायमेथाक्रिलेट आणि सिलिकाचे बारीक कण आहेत. बाँडमध्ये पाणी नाही, आणि दोन बाटल्या असण्याचं खरं कारण हेच आहे. ओल्या डेंटिनशी जमवून घेणारा थर वेगळा आणि त्यावर बसणारा घट्ट, कमी पाणी शोषणारा थर वेगळा. एका बाटलीच्या बाँडिंगमध्ये ही दोन्ही कामं एकाच द्रवाने करायची असतात, त्यामुळे क्युअर झालेला (लाइटने कडक झालेला) थरही पाणी ओढत राहतो.

प्रायमरचा पीएच साधारण २ आहे. फॉस्फोरिक ॲसिड जेलचा १ च्याही खाली असतो. म्हणून हा प्रायमर डेंटिनला जेमतेम अर्धा ते एक मायक्रॉन खोल विरघळवतो आणि कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंभोवती बरंचसं हायड्रॉक्सिॲपटाइट, म्हणजे दाताचं कॅल्शियमयुक्त खनिज, शिल्लक ठेवतो. त्याच उरलेल्या कॅल्शियमशी एमडीपी रासायनिक बंध करतो, आणि तयार होणारं कॅल्शियमचं क्षार पाण्यात सहजी विरघळत नाही. डेंटिनवर वर्षानुवर्षं पकड टिकते ती यामुळे. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसणारे, डेंटिनच्या सूक्ष्म नलिकांत शिरलेले रेझिनचे लांबलचक टॅग (शेपट्या) पाहून बाँडिंगची प्रत ठरवण्याची सवय अनेकांना आहे. या बाँडिंगचे टॅग आखूड असतात आणि तरीही ते उत्तम धरतं. टॅगच्या लांबीवर फार विसंबू नये.

वापरण्याची रीत ऐकायला सोपी आहे. कॅव्हिटी (फिलिंगसाठी कोरलेली जागा) धुऊन हलकेच कोरडी करायची. मायक्रोब्रशने प्रायमर लावून २० सेकंद ठेवायचा, आणि या वेळात ब्रश सतत हलवत राहायचा. एकदा फिरवून थांबलं की दाताला टेकलेल्या थरातलं आम्ल विरघळलेल्या खनिजामुळे निवतं आणि पुढचं काम मंदावतं. ब्रश हलत राहिला तर ताजा प्रायमर खाली पोचत राहतो. वीस सेकंद म्हणजे खरोखर वीस, घड्याळात बघून. अंदाजाने मोजलं की ते हमखास कमी भरतात. प्रायमर धुवायचा नाही. एच-अँड-रिन्सची (ॲसिड लावून धुण्याच्या पद्धतीची) सवय असलेल्या हाताला पाण्याच्या बटणाकडे जायचा मोह होतो. धुतलं तर केलेलं सगळं काम वाहून जातं.

त्यानंतरची पायरी सगळ्यांत जास्त दुर्लक्षित आहे. या प्रायमरमध्ये ना अल्कोहोल ना ॲसिटोन, द्रावक म्हणून फक्त पाणी आहे, आणि पाणी सावकाश उडतं. हवा सुरुवातीला दुरून आणि हळू सोडायची, म्हणजे प्रायमर कोपऱ्यांत ढकलला जात नाही. मग जोर थोडा वाढवून, द्रव हलायचा पूर्ण थांबेपर्यंत हवा चालू ठेवायची. पृष्ठभाग चकचकीत दिसावा, पण त्यावर लाटा सरकताना दिसू नयेत. खोल बॉक्सच्या (दाताच्या बाजूच्या पेटीसारख्या खाचेच्या) हिरडीकडच्या कोपऱ्यात आणि मेट्रिक्स बँडच्या (दाताभोवती लावलेल्या पट्टीच्या) कडेला द्रव साठतो. तिथे कोरड्या मायक्रोब्रशने टिपून पुन्हा हवा मारावी. पाणी मागे राहिलं तर वरचा बाँड त्यात नीट पॉलिमराइज (कडक) होत नाही, थरात सूक्ष्म पाणथळ जागा उरतात आणि पुढे तिथूनच झिरपणं सुरू होतं. फिलिंग केल्यावर चावताना कळ येते अशी तक्रार आली तर आधी या पायरीकडे पाहावं.

बाँडचा थर पातळ आणि सारखा हवा. हलकी हवा मारायची ती पसरवण्यासाठी, उडवून लावण्यासाठी नव्हे. फार पातळ झालेल्या थरात हवेतला ऑक्सिजन वरच्या भागाचं क्युअरिंग अडवतो आणि जवळजवळ अख्खा थरच कच्चा राहतो. उलट कोपऱ्यात साचलेला बाँड एक्स-रेत काळी रेघ दाखवतो, आणि ती पुढे कुणालाही कीड वाटू शकते. मग १० सेकंद लाइट.

इनॅमलबाबत आमचं मत स्पष्ट आहे: कंपनीने सेल्फ-एच म्हटलं असलं तरी इनॅमलच्या कडा फॉस्फोरिक ॲसिडने वेगळ्या एच (खरखरीत) कराव्यात. १९५५ मध्ये दंतसंशोधक बुओनोकोर यांनी ८५ टक्के फॉस्फोरिक ॲसिड ३० सेकंद लावून इनॅमलला रेझिन चिकटवून दाखवलं. आज ३२ ते ३७ टक्क्यांचं जेल वापरतात, पण तत्त्व तेच आहे. इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. त्यात खोल खाचा पाडायला पीएच २ चा प्रायमर अपुरा आहे, आणि बरने (दात कोरायच्या फिरत्या अवजाराने) न कापलेल्या इनॅमलवर तर फारच अपुरा. कंपनीच्या सूचनेतही न कापलेल्या इनॅमलसाठी आधी १० सेकंद ॲसिड सांगितलेलं आहे. कापलेल्या कडांवरही ते लावावं असं आम्ही म्हणतो, त्याला आधार आहे. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठात मानेजवळच्या किडीविना झिजलेल्या दातांवर हे बाँडिंग १३ वर्षं तपासलं गेलं. कडा एच केलेल्या आणि न केलेल्या, दोन्ही गटांत फिलिंग उत्तम टिकली, पण न केलेल्या गटात इनॅमलच्या कडेचे छोटे दोष जास्त दिसले. फिलिंग पडत नाही, पण कडेला तपकिरी रेघ येते. पुढच्या दातांत ती रेघ म्हणजे पेशंटच्या लेखी फिलिंग खराब झाल्यातच जमा.

हे करताना जेल डेंटिनवर ओघळू देऊ नये. या बाँडिंगचं डेंटिनवरचं बळ उरलेल्या कॅल्शियमवर आहे. फॉस्फोरिक ॲसिड ते कॅल्शियम काही मायक्रॉन खोलपर्यंत काढून टाकतं, मग एमडीपीला धरायला काही उरत नाही आणि पाण्याच्या साथीने काम करणारा हा प्रायमर उघड्या कोलॅजेनच्या जाळ्यात तळापर्यंत पोचत नाही. म्हणून घट्ट, न वाहणारं जेल घ्यावं, बारीक सुई वापरावी, कडेवर फक्त एक रेघ ओढावी, १५ सेकंदांनी आधी सक्शनने जेल खेचून मग धुवावं. जेल वाहतं असेल तर अरुंद कॅव्हिटीत हा प्रयोग न केलेला बरा.

फ्लोरोसिसचं (जास्त फ्लोराइडने बदललेलं) इनॅमल आम्लाला दाद देत नाही. तिथे वरचा थर बारीक डायमंड बरने हलकेच खरवडून एचिंगचा वेळ वाढवावा लागतो. दुधाच्या दातांवर बाहेरच्या थरात प्रिझमची (इनॅमलच्या सूक्ष्म दांड्यांची) रचना नीट नसते, तिथेही थोडं खरवडल्याने फरक पडतो.

आता डेंटिन. बर फिरला की दातावर खनिज आणि कोलॅजेनच्या चुऱ्याचा साधारण अर्धा ते दोन मायक्रॉनचा स्मिअर लेयर बसतो. फॉस्फोरिक ॲसिड तो धुऊन काढतं. हा सौम्य प्रायमर मात्र त्यातून वाट काढत खाली जातो आणि तो थर आपल्यातच सामावून घेतो. थर जाड असेल तर प्रायमरची ताकद वाटेतच संपते. जाड दाण्याचा डायमंड बर जाड स्मिअर लेयर ठेवतो, बारीक डायमंड किंवा कार्बाइड पातळ ठेवतो. म्हणून शेवटची फिनिशिंग बारीक बरने, पाण्याच्या फवाऱ्यात करावी. एवढा साधा बदल बाँडिंगची बाटली बदलण्यापेक्षा जास्त कामाचा ठरतो, आणि तरी कॅव्हिटी ज्या बरने उघडली त्यानेच संपवण्याची पद्धत सर्रास दिसते.

खोली वाढते तसं डेंटिन बदलतं. इनॅमलजवळ एका चौरस मिलिमीटरला साधारण २०,००० नलिका असतात, पल्पजवळ (दाताच्या मध्यातल्या मऊ भागाजवळ) ४५,००० च्या आसपास, आणि त्यांचा व्यासही वाढलेला असतो. इनॅमलजवळ नलिकांनी पृष्ठभागाचा सुमारे १ टक्का व्यापलेला असतो, पल्पजवळ २२ टक्के. म्हणजे खोल कॅव्हिटीत पकडायला घट्ट डेंटिन कमी आणि खालून येणारं पाणी जास्त. कुठलंही बाँडिंग इथे दुबळं होतं. क्लिअरफिल नलिकांची तोंडं सताड उघडत नाही, हा त्याचा इथला मोठा फायदा. भरल्यानंतरची सेन्सिटिव्हिटी कमी राहते ती त्यामुळेच.

किडीने बाधित पण काढायची गरज नसलेलं मऊसर डेंटिन कमी पकडतं, कारण त्यात खनिज कमी आणि पाणी जास्त. तळाशी असं डेंटिन ठेवणं योग्य असतं, पण कॅव्हिटीच्या परिघात किमान २ मिलिमीटरचा पट्टा पूर्ण निरोगी, घट्ट डेंटिनचा आणि इनॅमलचा असावा. सील तिथे होतं. मानेजवळच्या जुन्या झिजेतलं चकचकीत, पिवळट स्क्लेरोटिक डेंटिन याच्या उलट. त्यावर अति खनिज असलेला थर असतो आणि नलिका बुजलेल्या असतात. तिथे बरने पृष्ठभाग हलका खरवडल्याशिवाय प्रायमर लावण्यात अर्थ नाही.

दाताला आधी काय लागलं होतं याकडेही तितकंच लक्ष हवं. युजेनॉल (लवंगेच्या तेलातलं द्रव्य) असलेलं तात्पुरतं सिमेंट डेंटिनमध्ये युजेनॉल सोडतं, आणि ते रेझिनचं क्युअरिंग सुरू करणारे मुक्त कण शोषून घेतं. इथे सेल्फ-एच जास्त तोट्यात असतं, कारण धुण्याची पायरीच नाही. पुढे बाँडिंग करायचं ठरलेलं असेल तर तात्पुरतं सिमेंट युजेनॉलविरहित घ्यावं. सिमेंट निघाल्यावर प्युमिसच्या भुकटीने किंवा ५० मायक्रॉनच्या ॲल्युमिनाच्या कणांनी पृष्ठभाग स्वच्छ करावा. ब्लीचिंगनंतर दातात ऑक्सिजन अडकून राहतो आणि तोच क्युअरिंग बिघडवतो, तेव्हा निदान दोन आठवडे थांबावं. रूट कॅनालमध्ये सोडियम हायपोक्लोराइट वापरल्यावर पल्प चेंबरच्या डेंटिनवरही हाच परिणाम होतो. त्यावर १० टक्के सोडियम ॲस्कॉर्बेटने धुण्याचा उपाय आहे. पृष्ठभागाचा पातळ थर बरने ताजा करणं हा रोजच्या कामातला सोपा मार्ग. हिरडीचं रक्त थांबवणारी ॲल्युमिनियम क्लोराइड आणि फेरिक सल्फेटची औषधं डेंटिनवर थर ठेवतात, आणि हा सौम्य प्रायमर तो भेदू शकत नाही. आधी रक्त थांबवावं, मग फवाऱ्याने भरपूर धुवावं, औषध लागलेला भाग बरने पुसटसा ताजा करावा आणि त्यानंतरच प्रायमर उघडावा.

लाळ आणि रक्त कधी लागलं त्यावर उपाय ठरतो. प्रायमरआधी लाळ लागली तर धुऊन, कोरडं करून पुढे जाता येतं. प्रायमर लागल्यावर लागली तर धुऊन, सुकवून प्रायमर पुन्हा पूर्ण २० सेकंद. बाँड क्युअर झाल्यावर लागली तर धुऊन, सुकवून प्रायमर आणि बाँड दोन्ही पुन्हा. नुसती हवा मारून लाळ वाळवली तर तिच्यातली प्रथिनं तिथेच चिकटून बसतात, हे कधीच करू नये. रक्ताला तडजोड नाही. क्युअर झालेल्या बाँडवर रक्त सांडलं तर वरचा थर बरने काढून पुन्हा सुरुवात करावी. रबर डॅम (दाताभोवतीचा रबरी पडदा) लावायला लागणारा वेळ या दुरुस्त्यांपेक्षा नेहमीच कमी असतो.

थ्री-वे सिरिंजची (हवा आणि पाणी सोडणाऱ्या नळीची) हवाही तपासावी. कंप्रेसरचं तेल किंवा पाणी लाइनमधून आलं तर ते थेट प्रायमरवर बसतं. स्वच्छ आरशावर काही सेकंद हवा सोडून पाहिलं की कळतं: डाग राहिला तर तेल, थेंब राहिले तर पाणी. रोज सकाळी कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी काढणं आणि फिल्टर वेळेवर बदलणं, याचा बाँडिंगशी थेट संबंध आहे.

लाइटबद्दल थोडक्यात. या बाँडमधलं कॅम्फरक्विनोन, म्हणजे क्युअरिंग सुरू करणारं द्रव्य, ४६८ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश सर्वाधिक शोषतं, त्यामुळे बहुतेक सगळ्या एलईडी लाइटना ते चालतं. अडचण अंतराची असते. खोल बॉक्सच्या तळाशी लाइटची टीप ६ ते ८ मिलिमीटर दूर राहते आणि पोचणारा प्रकाश बराच घटतो. तिथे १० ऐवजी २० सेकंद द्यावेत. टिपेवर चिकटलेलं कॉम्पोझिट (फिलिंगचं रेझिन) खरवडून काढावं, आणि टीप तिरपी न धरता पृष्ठभागाला काटकोनात धरावी.

बाँडिंग चांगलं झालं तरी त्यावर पहिला ताण कॉम्पोझिट आकसण्याचा येतो, तोही पहिल्या काही मिनिटांत. कॉम्पोझिट साधारण २ ते ३ टक्के आकसतं. क्लास वनमध्ये (चावण्याच्या पृष्ठभागावरच्या कॅव्हिटीत) पाच भिंती चिकटलेल्या आणि एकच पृष्ठभाग मोकळा, म्हणजे सी-फॅक्टर (चिकटलेल्या आणि मोकळ्या पृष्ठभागांचं गुणोत्तर) ५. एकाच वेळी सगळ्या भिंतींना कॉम्पोझिट टेकवून क्युअर केलं तर तळाचा बाँड सुटतो. फ्लोएबलचा (वाहत्या कॉम्पोझिटचा) अर्धा मिलिमीटरचा पहिला थर, मग २ मिलिमीटरपेक्षा जाड नसलेले, समोरासमोरच्या भिंती एकदम न जोडणारे तिरपे थर, अशी रचना ठेवली तर बाँडिंगला आपली पकड पुरती मिळवायला वेळ मिळतो.

तुलनेत कोण कुठे बसतं? ऑप्टिबाँड एफएल हे तीन पायऱ्यांचं एच-अँड-रिन्स बाँडिंग इनॅमलवर सरस आहे आणि त्याचा जाडसर, भरलेला थर ताण चांगला सोसतो. पण डेंटिन धुतल्यानंतर किती ओलं ठेवायचं हा निर्णय तिथे हातावर सोडलेला असतो. जास्त सुकवलं तर कोलॅजेनचं जाळं कोसळतं, जास्त ओलं ठेवलं तर रेझिन पातळ होतं. शिवाय ॲसिडने उघडलेल्या कोलॅजेनच्या तळाशी रेझिन न पोचलेला भाग राहिला, तर डेंटिनमधलीच एन्झाइम्स तो कुरतडतात. म्हणून काहीजण एचिंगनंतर २ टक्के क्लोरहेक्सिडीन लावतात. क्लिअरफिल वापरताना डेंटिनच्या ओलेपणाचा हा पेच उरत नाही. सिंगल बाँड युनिव्हर्सलसारखी एका बाटलीची बाँडिंग्ज सोयीची आहेत. त्यातही एमडीपी आहे, २० सेकंद चोळणं, ५ सेकंद हवा, १० सेकंद लाइट असा क्रम आहे, आणि ॲसिड डेंटिनवर ओघळलं तरी ती फारशी बिथरत नाहीत. इनॅमल जास्त, वेळ कमी आणि लहान मुलं खुर्चीत, अशा कामाला ती घ्यावीत. खोल डेंटिन, मानेजवळची झीज, आणि इनले-ऑनलेसाठी (तोंडाबाहेर बनवून चिकटवायच्या फिलिंगसाठी) डेंटिन आधीच सील करून ठेवणं, इथे मात्र आमची पसंती दोन बाटल्यांनाच आहे. सील करताना क्युअर झालेल्या बाँडवर ग्लिसरीन जेल लावून पुन्हा लाइट द्यावा. नाहीतर ऑक्सिजनमुळे वर राहिलेला कच्चा चिकट थर दाताचं माप घ्यायच्या रबराच्या इंप्रेशन मटेरियलचं सेटिंग बिघडवतो.

उणिवाही नोंदवायला हव्यात. ड्युअल-क्युअर किंवा सेल्फ-क्युअर (लाइटशिवायही कडक होणाऱ्या) सिमेंटबरोबर वापरताना आम्लधर्मी मोनोमर सिमेंटमधल्या अमाइनला (क्युअरिंग सुरू करणाऱ्या घटकाला) निकामी करतो, त्यामुळे लाइट न पोचणाऱ्या जागी नुसत्या या जोडीवर विसंबू नये. पोर्सिलेनच्या दुरुस्तीला त्याच कंपनीचा पोर्सिलेन बाँड ॲक्टिव्हेटर प्रायमरमध्ये मिसळावा लागतो, एकट्या प्रायमरमध्ये सिलेन (पोर्सिलेनला रेझिन जोडणारा दुवा) नाही. आणि हेमा पातळ हातमोज्यांतून काही मिनिटांत आरपार जातं. त्याची ॲलर्जी एकदा जडली की आयुष्यभर राहते, म्हणून मोज्यावर थेंब पडला तर पुसून पुढे जाऊ नये, मोजा बदलावा.

बाटल्या २ ते ८ अंश सेल्सिअसला फ्रिजमध्ये ठेवायच्या. प्रायमरमध्ये आम्ल आणि पाणी एकत्र असल्याने उष्णतेत मोनोमर हळूहळू तुटत जातो, आणि वरून बाटली पाहून ते कळत नाही. म्हणून तारीख उलटलेली बाटली अर्धी भरलेली असली तरी टाकून द्यावी. फ्रिजमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, थंड बाँड घट्ट असतो आणि त्याचा थर जाड बसतो. थेंब लागेल तेव्हाच, वेगवेगळ्या खळग्यांत काढावेत, वर ऑपरेटिंग लाइट पडू देऊ नये आणि झाकण लगेच लावावं. दोन्ही बाटल्यांना एकच मायक्रोब्रश वापरला तर बाँडमध्ये पाणी शिरतं, तेव्हा प्रत्येकीला वेगळा ब्रश. बाटलीच्या तोंडाशी वाळलेला द्रव पुढच्या थेंबाबरोबर खाली येऊ नये म्हणून पहिला थेंब गॉझवर टाकून तोंड पुसून घ्यावं.